घरातले काम आणि नेमाची वेस

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, या महिन्याच्या अभ्यासाला आधार घेतला आहे तो श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकाचा. ज्याचे खाणे, हिंडणे, कर्म, झोप आणि जागेपण ही सगळी मापात आहेत, त्याचाच योग दुःख घालविणारा होतो, असे भगवंत तेथे अर्जुनास सांगतात. या यादीत कर्मही आहे, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आहाराचे माप आपल्याला एकादशीने शिकविले. कामाचेही माप असते, हे शिकण्याची पाळी मात्र अलीकडे आली.

सन २०२० च्या मार्चअखेर साथीमुळे टाळेबंदी झाली. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या आणि १ जुलैची आषाढी आपण घरीच केली. त्याच दिवसांत कचेऱ्याही घरात आल्या. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली. पण पुष्कळ घरांत शिरलेली कचेरी काही परत गेली नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. मुलगा अमेरिकेतल्या लोकांचे काम संगणकावर घरी बसून करतो. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजलेले असतात. म्हणजे आमच्या हरिपाठाला आणि त्याच्या मीटिंगला एकच वेळ. एके दिवशी तो म्हणाला, “अण्णा, आजच्या दिवस टाळ राहू द्या.” आजचा दिवस रोजचा झाला. टाळ खुंटीला गेले. मग एका रात्री चार वर्षांच्या नातीने आजीला विचारले, “आज्जी, बाबा घरी कधी येणार?” बाबा पलीकडच्याच खोलीत होता! ते ऐकून आम्हां सर्वांचीच मान खाली गेली.

आता कोणी म्हणेल, संतांनी तर कामातच देव पाहिला. सावतोबांचा मळा हीच त्यांची पंढरी, नरहरी सोनारांचे दुकान हेच देवघर. मग काम आणि घर वेगळे कशाला करायचे?

प्रश्न रास्त आहे. पण त्या कामांकडे नीट पाहा. मळ्यात दिवस मावळला की मोट थांबे, कारण बैल थकत. कुंभाराचे मडके सुकल्यावाचून भट्टीत जात नसे, आणि भट्टी निवल्यावाचून उघडता येत नसे. त्या धंद्यांना माती, जनावर आणि सूर्य यांनीच वेस घातलेली होती. संगणकाला बैल नाही आणि त्याचा दिवसही मावळत नाही. इथला साहेब झोपला की तिथला जागा होतो. म्हणून पूर्वी जी वेस आपोआप होती, ती आता आपण नेमाने बांधायची आहे.

येथे तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवावी. बायको पाण्याला गेली होती, काका नामाच्या भरात चिखल तुडवीत होते, आणि रांगते बाळ त्या चिखलात आले. देवाने ते परत दिले, असे आपण कीर्तनात ऐकतो. काकांचे भान हरपले होते ते नामात. आपले कशात हरपते? लेकरू गुडघ्याशी येऊन उभे राहते आणि आपण पडद्यावरची नजर काढीत नाही. त्यात नाम कोठेच नसते. अशा हरपण्याला काकांचे नाव देऊ नये.

आता नेम सांगतो.

पहिला नेम जागेचा. कामाची जागा ठरवावी. एकाच खोलीचा संसार असेल तर कामापुरते एक बस्कर निराळे ठेवावे. काम झाले की ते गुंडाळून ठेवावे. ताटावर आणि अंथरुणावर काम आणू नये.

दुसरा नेम आरंभाचा. स्नान करावे, गंध लावावे, देवळापर्यंत चालून यावे, मगच बसावे. एकदा बसल्यावर घरच्यांनीही ऊठसूट हाक मारू नये. घेतलेल्या पगाराशी इमान राखणे हाही धर्मच आहे.

तिसरा नेम शेवटाचा, आणि हाच अवघड. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. हरवल्या-सापडल्याचे पुकारतात, उद्या किती वाजता निघायचे ते सांगतात, मग आरती होते. आपणही तसेच करावे. काय राहिले आणि उद्या कोठून सुरू करायचे, हे वहीत दोन ओळींत लिहावे आणि यंत्र मिटावे. लिहून ठेवलेले काम डोक्यात घोळत राहत नाही.

चौथा नेम बोलण्याचा. आपली वेळ साहेबास आधीच नम्रपणे सांगावी. यात उद्धटपणा नाही. कामाच्या वेळेबाहेर संपर्क बंद ठेवण्याच्या हक्काविषयी, ५० वा अधिक कामगार असलेल्या मालकाने त्यांच्याशी वाटाघाट करावी, असा कायदा फ्रान्स देशात १ जानेवारी २०१७ पासून आहे.

आणि घरातली सून वा लेक असे काम करीत असेल, तर तिच्या वाट्याला कचेरी आणि चूल दोन्ही येतात. तिचे यंत्र मिटले तरी काम संपत नाही. जनाबाईंच्या जात्याला प्रत्यक्ष देवाने हात लावला; मग आपण पोळपाटाला लावल्याने काय उणे होणार आहे?

आमच्या मुलाने तिकडच्या मंडळींना विचारले. त्यांनी मीटिंग अर्धा तास पुढे नेली. इतके दिवस कोणी विचारलेच नव्हते! आता साडेसातला टाळ वाजतात, नात बापाच्या मांडीवर बसते, आणि आठाला तो पुन्हा कामाला जातो. कधी मधेच फोन येतो, नेम मोडतो. मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा. वारी चुकली म्हणून कोणी माळ उतरवीत नाही.

आज रात्री प्रत्येकाने आपल्या मनास एवढेच विचारावे: मी घरात आहे, पण घरी आलो आहे काय?

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥