फळमाशीची शिकवण

परीक्षेचा निकाल लागला कीं "खाण तशी माती" हे शब्द कानीं पडूं लागतात. मींहि एकदां एका विद्यार्थ्याच्या देखत ते उच्चारिले होते. ही म्हण कितपत खरी, याचा विचार एका क्षुद्र माशीच्या साहाय्यानें करूं.

पिकलेल्या केळ्यांभोंवतीं तांबड्या डोळ्यांच्या बारीक माश्या घिरट्या घालतात, त्या तुम्हीं पाहिल्याच असतील. शास्त्रज्ञ हिला ड्रोसोफिला म्हणतात. १९१० सालीं न्यूयॉर्क येथें टॉमस हंट मॉर्गन यांस हिच्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला, आणि तेव्हांपासून आनुवंशिकशास्त्राचे अनेक धडे हिनेंच दिले.

हिचें प्रणयाराधन नियमबद्ध असतें. नर मादीच्या मागोमाग जातो, पुढील पायानें तिला हळूच स्पर्श करितो, मग एक पंख पसरून थरथरवितो. हेंच त्याचें गाणें. जन्मापासून एकट्या वाढविलेल्या नरासहि हें सर्व येतें. त्याच्या पायांवर रुचि ओळखणारीं इंद्रियें असतात. मादीच्या अंगावरील मेणचट द्रव्यांवरून तो स्वजातीची मादी ओळखतो. २००९ सालच्या एका प्रयोगांत तीं द्रव्यें निर्माण करणाऱ्या पेशी काढून टाकल्या, तेव्हां परजातीचे नरहि त्या माद्यांच्या मागें लागले.

या वर्तनाचें मूळ कोठें आहे? १९६३ सालीं कुलबीर गिल यांनीं असे नर पाहिले कीं जे नर व मादी हा भेद न करितां दोघांचेंहि आराधन करीत, पण ज्यांना संतति होत नसे. बिघाड एका जनुकांत होता. त्यास पुढें 'फ्रूटलेस' म्हणजे निष्फळ हें नांव मिळालें. २००५ सालीं व्हिएन्ना येथें या जनुकाचें नरांतील रूप माद्यांत उतरविलें, तेव्हां त्या माद्याहि नरांप्रमाणें आराधन करूं लागल्या.

येथवर म्हण खरी वाटते. परंतु पुढें ऐका. मीलन झालेली मादी दुसऱ्या नरास झिडकारिते. १९७९ सालीं सीगल व हॉल यांनीं दाखविलें कीं असा नकार अनुभवलेला नर नंतर कांहीं तास इतर माद्यांचेंहि आराधन कमी करितो. म्हणजे रक्तांतून आलेलें वर्तनहि अनुभवानें बदलतें.

मोहरीएवढ्या मेंदूचीहि ज्यास गरज नाहीं असा हा जीव जर शिकतो, तर मनुष्याच्या मुलाविषयीं शेवटचा निकाल देण्याची आपण घाई कां करावी? पालकहो, माती खाणीची खरी. पण घडा घडवावा लागतो. त्या विद्यार्थ्यापुढें मीं तेवढें बोलावयास हवें होतें.