दाताला दात लागू देऊ नको

परवा नातसुनेचा पुण्याहून फोन आला. "आबा, हे झोपेत दात खातात. जात्यात खडा आल्यासारखा आवाज येतो. मी दचकून उठून बसते." मी चुडाव्यात अंगणात बाजेवर बसलो होतो, तुझी आज्जी शेजारी तूर पाखडत होती. तिनं फोन हातातून घेतला आणि हसत म्हणाली, "माय, मी चाळीस वर्षं ऐकलाय तो आवाज. घराण्याचाच आहे." खोटं नाही ते. ही खोड घराण्यात उतरते असं डॉक्टरही सांगतात. तुला जमीन फार देता आली नाही, हे मात्र वाटणी न होता तुझ्यापर्यंत पोचलं.

फोनवर सगळं बोलणं होत नाही, तू मीटिंगमध्ये असतोस. म्हणून लिहून पाठवतो.

मला स्वतःला हे साठीला कळलं. एकतीस वर्षं रेल्वेत काढली. आधी गँगमन, मग कीमन. पूर्णा ते चुडावा हा पट्टा पायाखालचा. मीटरगेजच्या वेळी खांद्यावर हातोडा, नजर रुळावर, रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकायची. प्रत्येक घावाला माझा जबडा आवळलेला असायचा आणि ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डावी दाढ ठणकायला लागली. कीड असंल म्हणून बाजारातल्या एका दात काढणाऱ्याकडून दाढ काढून घेतली. ठणका गेला नाही, म्हणून शेजारचीही काढली. ठणका तरी तिथंच. दुखत होता गालातला स्नायू आणि बळी गेल्या दोन चांगल्या दाढा. आजही भाकरी मी उजव्या बाजूनंच खातो.

त्यामुळं पहिलं काम, दुखतंय कुठं ते ओळखणं. दोन्ही हातांची बोटं गालावर, कानाच्या पुढं खाली ठेव आणि दात आवळ. बोटांखाली जी गाठ फुगते तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावर बोटं ठेवलीस तर तिथंही हलतं. ते दाबल्यावर तुझा नेहमीचा ठणका उमटला तर दुखणं बहुतेक स्नायूचं आहे. मग आरशात जिभेच्या कडा बघ, दातांचे खळगे उमटलेत का. गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी वळकटी आहे का. सुळ्यांची टोकं सपाट झालीत का. सकाळी उठल्या उठल्या जबडा जड आणि कानशीलं दुखत असतील तर रात्रीचं दात खाणं आहे. सकाळी ठीक आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटताना दुखत असेल तर दिवसाचं आवळणं. दोन्हीही असतात, माझी होती. तोंड उघडताना कानापाशी नुसतं टक वाजतं आणि दुखत नाही, अडकत नाही, तर त्याच्या मागं लागू नको.

दिवसाच्या आवळण्याला पैसा लागत नाही. 'म' म्हण. नुसता 'म्म्म'. बघ, ओठ मिटलेत आणि दात सुटलेत. जीभ अलगद वरच्या दातांच्या मागं टाळूला टेकव. जबड्याची ही विश्रांतीची जागा. निरोगी माणसाचे दात एरवी एकमेकांना टेकतच नाहीत, दोन-तीन मिलिमीटर फट असते. खाणं आणि गिळणं सोडलं तर दाताला दाताशी काम नाही. हे मला नांदेडला विष्णुपुरीच्या दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरीण पोरीनं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. मग रिटायर झाल्यावरही रुळाच्या कडेनं फिरायला जायचो तेव्हा दर खांबाला 'म' म्हणायला लागलो. पंधरा दिवसांत कळलं की बहुतेक खांबांपाशी माझे दात आवळलेलेच सापडतात. तुझ्याकडं खांब नाहीत, पण सिग्नल आहेत, ई-मेल आहेत. लॅपटॉपच्या कडेला एक लाल टिकली चिकटव. टिकली दिसली की 'म'. जबरदस्तीनं तोंड उघडं धरून बसू नको, त्यानंही स्नायू शिणतो. आवळलेलं सापडलं की सोडून दे, एवढंच.

रात्रीचं मात्र असं हाती येत नाही. झोपलेल्या माणसाला कोण 'म' म्हणायला लावणार? तिथं दातांवर बसवायचा साचा, ज्याला नाइट गार्ड म्हणतात, तो लागतो. डॉक्टर दातांचं माप घेतात आणि कडक अॅक्रिलिकचा, सगळ्या दातांवर बसणारा साचा करून देतात. मी सगळ्यांना ब्रेकच्या गुटक्याचं उदाहरण देतो. गाडी थांबवताना गुटका चाकावर घासतो, गुटका झिजतो, चाक वाचतं. झिजलेला गुटका काढून नवा घालता येतो. गार्डचं काम तेवढंच. तो दात खाणं थांबवत नाही, त्याच्यावर दात खाल्ले जातात. महिन्याभरात त्यावर ओरखडे दिसले तर 'गार्डचा उपयोग नाही' म्हणून फेकून देऊ नको, ते ओरखडे तुझ्या दातावर पडले असते.

ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड चार-आठ दिवसांच्या नडीला ठीक. पण मऊ असल्यामुळं काहीजण तो च्युइंगगमसारखा जास्तच चावतात, शिवाय लवकर फाटतो. फक्त पुढच्या चार दातांवर बसणारा कुणी सुचवला तर खोदून विचार. मागच्या दाढांना टेकायला काही राहत नाही, महिनोन्‌महिने तसं वापरलं तर दातांची बैठक बिघडू शकते. नवा गार्ड घातल्यावर पहिल्या रात्री लाळ सुटेल, उशी ओली होईल. आठवड्यात सवय होते. सकाळी थंड पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवायचा. गरम पाणी नाही. तुझ्या आज्जीनं माझा पहिला गार्ड मायेनं दुधाच्या भांड्यांबरोबर उकळत्या पाण्यात घातला होता. बाहेर आला तो पापडासारखा वाकडा. दुसरा कुत्र्यानं नेला. तिसरा आता सहा वर्षं डबीत राहतो.

माझा एक रेल्वेतला नियम आहे, तो दातालाही लागू पडतो. रूळ तडकला की आधी फिशप्लेट, म्हणजे जोडपट्टी, आवळायची, गाडी हळू काढायची. करवत नंतर, साहेब येऊन बघून गेल्यावर. जे मागं घेता येतं ते आधी. दात घासून 'बाईट सेट' करून देतो, सगळ्या दातांवर कॅप बसवून देतो, असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं तर चप्पल घालून बाहेर पड आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखव. दाताचं वरचं कवच, एनॅमल, शरीरातलं सगळ्यात कठीण, पण गेलं की परत येत नाही. दात तुटला, झिजून कळ येऊ लागली, तर भरणं किंवा कॅप करावीच लागते. पण ती दुरुस्ती झाली, इलाज नव्हे, आणि तिच्यावरही रात्री गार्ड लागतोच. मागं घेता येतं ते आधी, हा एक मुद्दा विसरलास तर बाकी सगळं वाचलेलं वाया.

बोटॉक्सचं नातसुनेनं विचारलं. गालाच्या स्नायूत सुई देतात, तो काही काळ ढिला पडतो, चावण्याचा जोर कमी होतो. असर तीन-चार महिने, मग पुन्हा पैसे. कडक खाताना थकवा जाणवतो. गार्ड आणि बाकीचं करूनही वेदना हटत नसतील, आणि त्यातल्या जाणत्या डॉक्टरनं सांगितलं, तर विचार कर. चेहरा बारीक दिसतो म्हणून ब्युटी पार्लरच्या पाटीवर वाचलंस तर अजिबात नाही.

झोपेच्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी देतात कधी. सवय लावून घेऊ नको. उलट बाजूचंही एक ध्यानात ठेव. मन खचल्यावर ज्या गोळ्या देतात त्यातल्या काहींनी दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं. तू कुठली घेत असशील तर लाजू नको, मला नाही सांगितलंस तरी चालेल, पण डॉक्टरला सांग. आपल्या मनानं बंद मात्र करू नको.

नातसुनेला विचार, तू घोरतोस का, मध्येच श्वास थांबून एकदम गचका देऊन घेतोस का. दिवसा पेंग येते का. तसं असेल तर आधी झोपेची तपासणी कर, गार्ड नंतर. श्वास अडकत असेल तर नुसता दातांवर साचा चढवून काय होणार?

आता खाण्यापिण्याचं. दारू, तंबाखू आणि रात्रीचा चहा-कॉफी यांनी हे वाढतं. आमच्या गँगमध्ये पुडी तोंडात टाकूनच डूटी सुरू व्हायची. राज्यात गुटखाबंदी 2012 साली आली, पुडी अजून मिळते. दिवसभर सुपारी चघळून जबडा शिणतो हे वेगळं, त्याहून वाईट म्हणजे सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. तुझी तीन बोटं उभी तोंडात जातात का बघ. जात नसतील तर ते दात खाण्यावर ढकलू नको, त्याच आठवड्यात दाखव. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, यांनाही तेच.

ठणका असेल त्या आठवड्यात भाकरी वरणात कुस्करून खा. फुटाणे नकोत, ऊस दातानं सोलायचा नाही. हुरडा चालतो, तो मऊच असतो (हे मी माझ्या सोयीनं सांगत नाही). गरम पाण्यात टॉवेल पिळून गालावर पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धर, जबडा एकदम फाकू देऊ नको. आज्जी तेलाच्या गुळण्या सांगते. चरकानंही त्यानं जबड्याला बळ येतं असं म्हटलंय. कर, तोटा नाही, पण रात्रीचं दात खाणं त्यानं थांबलं असं मी तरी पाहिलं नाही. मशेरी मात्र घरात कुणालाच लावू देऊ नको. एक तर ती तंबाखूच, वर झिजलेल्या दातावर ती खरबरीत भुकटी.

पणतूही रात्री दात खातो म्हणे. आज्जीचं निदान तयार आहे: जंत. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती जरूर दे, ती पोटासाठी चांगलीच. पण त्यानं दात खाणं थांबेल याची वाट बघू नको. लहान पोरं पुष्कळ खातात, वाढत्या वयात बहुतेकांचं आपोआप सुटतं, दुधाचे दात तर पडणारच असतात. त्याला उठवू नको, दिवसा चिडवू नको. तोंडानं श्वास घेत असेल, घोरत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखव.

आपल्या भाषेनं रागाला 'दातओठ खाणं' म्हटलंय. माझी दाढ ठणकायची त्या वर्षांत बांधाची केस चालू होती, रोज डूटीवर मी भावकीशी मनातल्या मनात भांडत चालायचो. घाव चावीवर, राग दाढेवर. तुझं काय चाललंय ते तू बोलत नाहीस. घराचे हप्ते, नोकरीची टांगती तलवार, काहीही असो. बायकोशी बोल, नाहीतर समुपदेशकाकडं जा, त्यात कमीपणा नाही. निजायच्या आधी तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

दिवाळीला येशील तेव्हा मी तुला नांदेडला विष्णुपुरीला घेऊन जातो. तिथं नाही भागलं तर पूर्ण्याहून गाडीनं संभाजीनगर, तिथं सरकारी दंत महाविद्यालय आहे. पण तोवर थांबू नको, पुण्यात दाखवून घे. एका महिन्यानं नातसुनेला मला फोन करायला सांग. आवाज कमी झाला का ते सांगू नको म्हणावं, तो कमी-जास्त होतच राहतो. सकाळी तुझं कानशील दुखतं का, तेवढं तिनं सांगावं.