माऊसची बटणं : घाबरू नका, हात ठेवा


दापोलीत कुणालाही संगणकासमोर बसवलं की पहिला प्रश्न ठरलेला : “चुकीचं बटण दाबलं तर बिघडेल काय?” नाही बिघडत. १९६४ साली अमेरिकेत बनलेला पहिला माऊस लाकडाचा होता, त्याला एकच बटण होतं. आपल्याकडे दोन बटणं आणि मध्ये चाक, एवढंच.

डावं बटण : एकदा दाबलं की फाईल निवडली जाते. उघडायला माऊस न हलवता पटकन दोनदा दाबा. इंटरनेटवर मात्र एकदाच. पैसे पाठवताना तर एकदा दाबून थांबायचंच.

उजवं बटण : कामांची यादी दाखवतं. नको असेल तर बाजूला मोकळ्या जागी डावं बटण दाबा, यादी जाते. त्यातलं ‘डिलीट’ विचारल्याशिवाय दाबू नका.

चाक : फिरवलं की पान वर-खाली सरकतं.

डावखुऱ्या ताईंना सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करता येते.

हिशोब दुसऱ्याने भरायचा आणि आपण नुसती सही करायची, असं किती दिवस? पुढच्या सभेला दहा मिनिटं आधी या. आपल्या गटाच्या बचतीची फाईल आपल्याच हाताने उघडा, आकडे वहीशी ताडून बघा.