कागदाआधी भिंत बघ

पोरी, तुझी यादी वाचली. लस्टर, सॅटिन, सेमीग्लॉस, पर्ल, बरायटा. दुकानदाराने पाच नावं सांगितली आणि पाचही कागद ‘कमी चमकीचे’ म्हणून पुढे केले. या नावांच्या नादी लागू नकोस. ती कुठल्या ठरावीक मापाला बांधलेली नाहीत. एका कंपनीचा सॅटिन दुसऱ्या कंपनीच्या लस्टरपेक्षा जास्त चमकू शकतो. आयुष्य डार्करूममध्ये आणि नंतर प्रिंटरसमोर गेलं, त्यातून उरलेलं चार शब्दांत सांगतो.

पहिलं, भिंत बघ. कुसुमाग्रज स्मारकात प्रदर्शन लावायचं म्हणतेस, तर कागद घेण्याआधी दालनात जाऊन ये. दिवे कुठे आहेत, ते फिरवता येतात का, समोर खिडकी किंवा दार आहे का, माणूस चित्रापासून किती लांब उभा राहणार, हे वहीत टिपून घे. पूर्ण चकचकीत कागदात बघणाऱ्याला चित्राआधी दिवा आणि स्वतःचा सदरा दिसतो. पूर्ण मॅट कागद प्रकाश चहूकडे उधळतो, त्यामुळे दिवा टोचत नाही, पण उधळलेल्या प्रकाशाने काळा रंग राखाडी होतो. कमी चमकीचा कागद या दोघांच्या मधला. समोरचा दिवा तो फोडतो आणि काळाही बराचसा राखतो.

हा फरक मोजता येतो. चांगल्या मॅट कागदावर सर्वांत गडद काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ येते, बरायटा किंवा चांगल्या लस्टरवर ती २.२ च्या वर जाते. या मापात ०.३ वाढले की परत येणारा प्रकाश निम्मा होतो. म्हणजे त्या काळ्यातून डोळ्याकडे येणारा उजेड मॅटच्या तुलनेत चौथाईवर येतो.

दुसरं, चित्रातला काळा तपास. काळारामाच्या देवळाचा काळा दगड तू संध्याकाळच्या तिरप्या उन्हात टिपला आहेस. त्यात काळ्याच्या आत काळे थर आहेत, आणि ते मॅटवर एकमेकांत मिसळून जातील. तो फोटो बरायटावरच काढ. थंडीतल्या पहाटेच्या धुक्यातला गोदाघाट मात्र मॅटवर छान बसेल, कारण त्यात गडद काळा जवळजवळ नाहीच. भांडी बाजारातल्या पितळेला थोडी चमक हवी, नाहीतर धातू मेल्यासारखा दिसतो. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांच्या पिसांना गुळगुळीत पृष्ठभाग हवा; लस्टरवर जे बारीक दाणे असतात ते पिसांच्या रेषांत लुडबुड करतात. सगळं प्रदर्शन एकाच कागदावर काढायचा हट्ट नको, पण एका भिंतीवर दोन प्रकारचे कागद शेजारी शेजारीही लावू नकोस.

तिसरं, प्रिंटरमध्ये कुठली शाई आहे ते विचार. टाकीवाल्या बहुतेक घरगुती फोटो प्रिंटरमध्ये डाय शाई असते. ती कागदाच्या थरात मुरते, त्यामुळे पृष्ठभागाची चमक सगळीकडे सारखी राहते, पण उजेडात आणि उघड्या हवेत ती लवकर फिकी पडते. विकायच्या चित्रांना पिगमेंट शाई हवी. तिचे कण वरच्या थरावर बसतात, म्हणून प्रिंट तिरकं धरलं की गडद भागावर तांबूस झाक दिसू शकते. पिगमेंट प्रिंटरात काळ्या शाया दोन असतात, एक फोटो काळी आणि एक मॅट काळी. कमी चमकीच्या कागदाला फोटो काळीच लागते. कुठली वापरायची हे प्रिंटर तू निवडलेल्या कागदाच्या प्रकारावरून ठरवतो. तिथे चुकून मॅट निवडलंस तर काळा बोटाला लागेल.

चौथं, कागदाचं अंग ओळख. लस्टर बहुतेक वेळा प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदावर येतो. तो लगेच सुकतो, सपाट राहतो, स्वस्त पडतो. अल्बमला आणि गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला उत्तम. कलाप्रिंटला तंतूचा कागद घे, लाकडाच्या शुद्ध लगद्याचा किंवा कापसाचा, ३०० जीएसएमच्या आसपासचा. आमच्या वेळचा ग्लॉसी ब्रोमाइड ग्लेझरच्या पत्र्यावर सुकवला की आरशासारखा व्हायचा, आणि तोच दोरीला लावून हवेवर सुकवला की त्याची चमक मऊ पडायची. आजचे सॅटिन बरायटा कागद त्या हवेवर सुकलेल्या ब्रोमाइडचीच नक्कल करतात. बेरियम सल्फेटचा थर तेव्हाही होता, आताही असतो. तंतूच्या कागदांत कॅन्सनचा बरायटा फोटोग्राफिक आणि कॅन्सनचाच कापसाचा प्लॅटिन फायबर रॅग, दोन्ही ३१० जीएसएम. एवढे दोन हाताळलेस की बाकीचे ओळखता येतील. पुण्याच्या हातकागदाचा मोह तुला होणारच. तो सुंदर असतो, पण शाई धरणारा थर दिलेला नसेल तर त्यावर रंग पसरतात आणि काळा फिका पडतो.

पाचवं, जांभळा दिवा. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तेव्हा ही युक्ती आपल्या गावाला शोभते. नोट तपासायच्या दिव्याखाली खरी नोट मंद राहते, नंबर आणि तार यांसारख्या खुणाच उजळतात, कारण नोटेच्या कापसाच्या कागदात उजळपणाचं रसायन घातलेलं नसतं. त्याच दिव्याखाली तुझा फोटो कागद धर. निळाभोर पेटला तर त्याचा पांढरेपणा रसायनाचा आहे. तो काही वर्षांत ओसरतो आणि कागद पिवळट दिसायला लागतो. थोडं निळसर दिसलं तर घाबरू नकोस, बऱ्याच बरायटांत ते असतं. पण मोलाने विकायचं चित्र दिव्याखाली मंद राहणाऱ्या कागदावरच दे.

सहावं, पांढऱ्याची खोट. चित्रात जिथे शुद्ध पांढरं असतं तिथे शाईच पडत नाही. मग तेवढा उघडा कागद वेगळा चमकतो आणि बाजूने बघितलं की आकाशात ठिगळ दिसतं. प्रिंटरमध्ये चमक सारखी करणारा पारदर्शक द्रव असेल तर तो चालू कर. नसेल तर सर्वांत उजळ पांढरं २५५ वरून २५० च्या आसपास आण, म्हणजे शाईचा हलका थर सगळीकडे बसेल.

सातवं, पाकीट घेण्याआधी नमुना काढ. ए फोरचे नमुना संच मिळतात. त्या कागदाचं, तुझ्याच प्रिंटरसाठी केलेलं प्रोफाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून घे, कागदाचा प्रकार त्यात सांगितलेलाच निवड आणि प्रिंटरची स्वतःची रंगदुरुस्ती बंद ठेव. काळ्याच्या पायऱ्या, एक चेहरा आणि तुझा सर्वांत अवघड फोटो, असं एकाच पानावर छाप. दिवसभर सुकू दे, मग ट्यूबलाइटखाली, खिडकीशी आणि दालनातल्या दिव्याखाली तिरकं करून बघ. मागे पेन्सिलीने कागद, प्रोफाइल आणि तारीख लिही. मग पानाचे दोन तुकडे कर. एक उन्हाच्या खिडकीत चिकटव, दुसरा पाकिटात घालून कपाटात ठेव. पावसाळा संपल्यावर दोन्ही शेजारी धरलेस की कागद आणि शाई दोघांचाही खरा स्वभाव कळेल.

आठवं, पाऊस आणि काच. आषाढ-श्रावणात कागद प्रिंटरच्या तोंडात ठेवून घरी जाऊ नकोस. तो ओल पितो आणि कडा उचलतो, मग प्रिंटरचं हेड घासतं. उरलेला कागद मूळ पिशवीत, आडवा ठेव. प्रिंट पूर्ण सुकल्याशिवाय फ्रेम करू नकोस, नाहीतर शाईतून निघणारी वाफ काचेवर आतून धुकं धरते. चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटबोर्डची खिडकी हवीच, कारण ओलसर हवेत चमकीचा पृष्ठभाग काचेला चिकटतो आणि सोडवताना सोलून निघतो. आणि साधी काच लावणार असशील तर पृष्ठभागाच्या देखणेपणावर जास्त पैसे घालू नकोस. काचेमागे तो फारसा दिसत नाही. तिथे पैसे काळ्याच्या खोलीसाठी आणि टिकाऊपणासाठी मोज.

शेवटचं. या वर्षापुरते दोनच कागद पक्के कर, एक बरायटा आणि एक मॅट. दर महिन्याला नवा कागद आणणाऱ्याला एकाही कागदाचा काळा नीट काढता येत नाही. त्या दोघांवर हात बसला की तिसऱ्याचं बघू.