जोडचाकांच्या गाडीसाठी मोठे टायर

पिकअप ही अमेरिकेतील अतिशय परिचित अशी मालवाहू मोटार होय. पुढे चालकाची बंदिस्त खोली आणि मागे उघडा हौदा, अशी तिची साधी रचना असते. बहुतेक पिकअप गाड्यांना चारच चाके असतात. परंतु घोड्यांची, गुराढोरांची वा शेतीच्या अवजारांची जड गाडी मागे जोडून लांबवर ओढत न्यायची असेल, तर मागील आसाच्या प्रत्येक बाजूस दोन, अशी एकूण सहा चाकांची पिकअप अधिक सोयीची ठरते. शेव्हरोले कंपनीने आपल्या एक टनी पिकअपला १९७३ मध्ये अशी जोडचाके उपलब्ध करून दिली. आज फोर्ड आणि रॅम यांच्याही तशा गाड्या मिळतात. भारतीय वाचकाला ही रचना अपरिचित नाही. आपल्या रस्त्यांवरील सहा चाकांच्या मालमोटारीची मागची चाके याच पद्धतीची असतात.

टायर झिजले की या गाडीच्या मालकापुढे एक मोह उभा राहतो. मूळ टायरपेक्षा थोडे मोठे टायर बसवले, तर गाडी जमिनीपासून उंच होईल, शेतातल्या खडकाळ वाटेवर तिचे पोट घासणार नाही आणि ती दिसेलही भारदस्त. चार चाकांच्या गाडीत ही निवड करताना मुख्यतः मडगार्डखालील मोकळी जागा पाहावी लागते. जोडचाकांच्या गाडीत मात्र खरा प्रश्न बाहेरून न दिसणाऱ्या ठिकाणी असतो. तो म्हणजे दोन टायरांमधील फट.

टायरवरील अंक

या वर्गातील गाड्यांना कारखान्यातून येणारे एक नेहमीचे माप ‘एलटी २३५/८० आर १७’ असे लिहिले जाते. ‘एलटी’ ही अक्षरे हलक्या मालमोटारीचा टायर दर्शवतात. २३५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ८० हा अंक टायरची बाजू रुंदीच्या शेकडा किती उंच आहे ते सांगतो, तर १७ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. यावरून टायरची उंची सहज काढता येते. २३५ चे शेकडा ८० म्हणजे १८८ मिलिमीटर. ही बाजू रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा येते. रिमचे सुमारे ४३२ मिलिमीटर त्यांत मिळवले की एकूण व्यास ८०८ मिलिमीटर भरतो.

याच टायरवर ‘१२०/११७’ असे दोन अंकही आढळतात. ते वजन पेलण्याची मर्यादा दर्शवतात. टायर एकटा असताना त्याने १४०० किलोग्रॅम पेलावेत, पण जोडीत असताना १२८५ किलोग्रॅमच पेलावेत, असा त्यांचा अर्थ आहे. जोडीतील टायरची क्षमता कमी धरण्यास कारणे आहेत. रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो, दोन टायरांतील हवा तंतोतंत सारखी नसते आणि झीजही सारखी होत नाही. त्यामुळे दोघांवर भार नेमका निम्मा-निम्मा पडेल, अशी खात्री देता येत नाही.

फटीचे गणित

जोडीतील दोन्ही रिम एकमेकींकडे पाठ करून एकाच हबवर आवळलेल्या असतात. त्यामुळे दोन टायरांच्या मध्यरेषांमधील अंतर रिमच्या घडणीनेच ठरून गेलेले असते. टायर रुंद घेतला म्हणून ते अंतर वाढत नाही. तेवढी फट मात्र कमी होते.

समजा, एखाद्या गाडीत हे अंतर २७० मिलिमीटर आहे. तेथे २३५ मिलिमीटर रुंदीचे टायर बसवले, तर मध्ये ३५ मिलिमीटर फट राहील. २५५ चे टायर बसवले तर १५ मिलिमीटरच उरेल आणि २८५ चे टायर तर एकमेकांत घुसू पाहतील. शिवाय हे माप भार नसलेल्या टायरचे असते. गाडीत माल भरला की जमिनीला टेकलेल्या भागात टायरची बाजू फुगते आणि फट आणखी अरुंद होते. म्हणूनच रिकाम्या गाडीत फट दिसते, एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. टायर बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक मापासाठी मध्यरेषांमधील किमान अंतर आपल्या तक्त्यात देतात. गाडीतील प्रत्यक्ष अंतर त्याहून कमी असेल, तर तो टायर त्या गाडीसाठी नव्हे.

फट अपुरी पडली, तर दोन टायरांच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात एकमेकींवर घासतात. बाजूचे रबर पातळ असते. ते झिजून आतील धागे उघडे पडतात, घर्षणाने उष्णता वाढते, आणि भरल्या गाडीचा टायर भर वेगात फुटू शकतो. ही झीज दोन टायरांच्या आतल्या अंगाला होत असल्याने वरवर पाहणाऱ्याला तिची चाहूल लागत नाही. अरुंद फटीत दगड अडकण्याचा आणि बर्फाळ प्रदेशात चाकांना साखळ्या बांधता न येण्याचा त्रास निराळाच.

यावर उपाय म्हणून काही जण दोन रिमांच्या मध्ये धातूची चकती घालतात. फट त्याने वाढते खरी. पण बाहेरचे चाक हबपासून दूर गेल्यामुळे बेअरिंगवर अधिक ताण येतो आणि नट पुरेसे आटे धरत नाहीत, असे होऊ शकते.

उंच टायर आणि रुंद टायर

मोठा टायर म्हणजे रुंद टायर, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. २८५/७० आर १७ या टायरचा व्यास सुमारे ८३१ मिलिमीटर भरतो, तर ३० मिलिमीटरने अरुंद असलेल्या २५५/८० आर १७ चा ८४० मिलिमीटर. शिवाय २८५ च्या टायरला किमान साडेसात इंच रुंदीची रिम लागते. जोडचाकांच्या पिकअपची रिम बहुधा सहा ते साडेसहा इंचच असते. तेव्हा उंची हवीच असेल, तर अरुंद पण उंच टायरचा विचार करणे श्रेयस्कर.

मात्र त्या उंचीचा हिशेब आधी करावा. ८०८ वरून ८४० वर जाताना व्यास ३२ मिलिमीटरने वाढतो. परंतु आस वर जातो तो त्याच्या निम्मा, म्हणजे अवघा १६ मिलिमीटर. या लाभासाठी द्यावी लागणारी किंमत दुर्लक्षिण्याजोगी नाही. चाकाचा परीघ शेकडा चारने वाढतो. वेगदर्शक ताशी १०० किलोमीटर दाखवत असताना गाडी १०४ ने धावत असते. आसातील ३.७३ चे गिअर प्रमाण जणू ३.५९ इतके होते आणि चढावर भरली गाडी ओढताना इंजिनाला अधिक कष्ट पडतात. ब्रेक तेच राहिले, तरी जमिनीवर लागू पडणारा त्यांचा जोरही त्याच प्रमाणात घटतो. वेगदर्शक दुरुस्त करून घेता येतो. बाकीच्या गोष्टी तितक्या सोप्या नाहीत.

टायर अधिक वजन पेलणारा असला, तरी गाडीची क्षमता वाढत नाही. स्प्रिंगचे पाटे, आस, बेअरिंग आणि ब्रेक तेच असतात. दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत प्रत्येक आसाची जी भारमर्यादा दिलेली असते, तीच अखेरची समजावी.

जोडी जुळली पाहिजे

जोडीतील दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. त्यांच्या व्यासांत फरक असेल, तर मोठा टायर अधिक भार उचलतो आणि लहान टायर फरफटतो. या आकाराच्या टायरांत हा फरक पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम आहे. एवढ्या फरकानेदेखील दर किलोमीटरला सुमारे सात मीटरची तफावत पडते. त्यामुळे एक नवा आणि एक झिजलेला टायर शेजारी-शेजारी बसवू नये. पुढचे दोन टायर आणि स्टेपनी धरून सातही टायर एकाच मापाचे घेणे इष्ट.

हवेचीही गोष्ट अशीच. आतल्या टायरची हवा गेली, तरी शेजारी गाडी उचलून धरतो आणि चालकाला काही कळत नाही. दरम्यान बसका टायर सतत चिरडला जाऊन तापतो, आणि प्रसंगी पेटही घेतो. म्हणून प्रवासापूर्वी आतल्या टायरची हवा मापकाने तपासणे अगत्याचे आहे.

टायर निवडताना क्रम असा ठेवावा. प्रथम रिमची रुंदी आणि मध्यरेषांमधील अंतर मोजावे. नंतर कंपनीच्या तक्त्यातील किमान अंतराशी ते ताडून पाहावे. जोडीतील भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नाही, याची खात्री करावी. पुढचे चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते कोठे टेकत नाही ना, ते पाहावे. या सर्व कसोट्यांना उतरल्यावरच उंचीचा आणि दिसण्याचा विचार करावा. एखाद्या कसोटीत टायर उतरला नाही, तर मूळ मापाचाच नवा टायर घेणे हाच सुज्ञ निर्णय होय.