दात आला नाही, यात आईचा दोष नाही



बाळाचे वरचे दात आधी आले की मामाला धोका. पोराचा एखादा दात आलाच नाही की आईने ग्रहण पाळले नव्हते. आपल्या वस्त्यांत अजूनही असे बोलले जाते आणि बोल सुनेला लागतो. आपला धम्म कार्यकारणभाव सांगतो. म्हणून खरे कारण पाहू.

दाताची तयारी गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असतानाच सुरू होते. तोंडाच्या आतला वरचा थर जागोजागी जाड होऊन खाली उतरतो. त्याला आधी कळीचा, मग टोपीचा, मग घंटेचा आकार येतो. वरच्या थरापासून दाताचे चकचकीत कवच बनते. आतला भाग आणि नस खालच्या थरापासून बनतात.

हे दोन थर एकमेकांना निरोप पाठवतात. तो निरोप म्हणजे वाढीला चालना देणारी प्रथिने. निरोप घ्यायला पेशीवर रिसेप्टर असतो, दारावरच्या बेलसारखा. तो कसा घडवायचा हे जनुकात लिहिलेले असते. एफजीएफआर-२ हे असेच एक जनुक. त्यातून बनणारा एक प्रकारचा रिसेप्टर उंदरांमध्ये काढून टाकला, तेव्हा त्यांचे दात कळीच्या अवस्थेतच थांबले. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला.

माणसात एफजीएफआर-१ या जनुकातील बिघाडाने काहींचे दात कमी येतात, ओठ किंवा टाळू फाटलेला असतो, वास येत नाही, वयात येणे लांबते. पॅक्स-९, एमएसएक्स-१ अशा इतर जनुकांमुळेही दात कमी येतात. बिघाड आईकडून येतो, बापाकडून येतो, कधी नव्यानेच होतो. ग्रहणाचा यात काही संबंध नाही.

आता काय करायचे?

• पहिला दात साधारण सहा महिने ते एक वर्षात येतो, तिसऱ्या वर्षापर्यंत वीस दुधाचे दात होतात. दीड वर्षापर्यंत एकही दात नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

• एका बाजूचा पक्का दात येऊन सहा महिने झाले, तरी दुसऱ्या बाजूचा आला नाही तर जबड्याचा एक्स-रे काढून घ्या. दात कधी आत अडकलेला असतो, कधी तयारच झालेला नसतो.

• एक्स-रेआधी तिथला दुधाचा दात उपटू नका. खाली पक्का दात नसेल तर तोच अनेक वर्षे कामी येऊ शकतो.

• टॉनिकवर पैसे घालू नका. तयारच न झालेला दात टॉनिकने उगवत नाही.

• दात कमी आहेत, वासही येत नाही आणि मुलगी तेरा किंवा मुलगा चौदा वर्षांचा होऊनही वयात येण्याची खूण नाही, तर लाजू नका. हार्मोनचे उपचार आहेत.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, दाताचे आवर्जून सांगा. आणि सासूबाई, सुनेला बोल लावण्याऐवजी तिच्यासोबत दवाखान्यात चला.