गोवराची लस आणि गावाचे कवच

लस टोचलेल्या मुलाचे रक्षण होते, हे पालकांस ठाऊक असते. परंतु त्याच लसीने शेजारच्या घरातील तान्ह्या मुलाचेही रक्षण होते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. ते पटवून देणे हा या पाठाचा हेतू आहे.

व्यक्तीचे रक्षण : गोवराच्या लसीत क्षीण केलेले विषाणू असतात. त्यांच्यामुळे निरोगी मुलास गोवर होत नाही. मात्र शरीरास शत्रूची ओळख पटते. रक्तातील पांढऱ्या पेशी त्यास निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार करतात व काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षे जपून ठेवतात. पुढे खरा विषाणू शरीरात शिरला, म्हणजे त्याचा तत्काळ प्रतिकार होतो. लशीनंतर काही मुलांना सौम्य ताप येतो. तो बहुधा या तयारीचाच भाग होय.

समाजाचे रक्षण : कोणासही संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रोगी १२ ते १८ जणांस रोग देऊ शकतो. शिक्षकांनी फळ्यावर १५ ठिपके काढावेत. त्यांपैकी १४ मुले सुरक्षित असली, तरी एकास लागण होईल, त्याच्यापासून आणखी एकास, आणि साखळी चालूच राहील. ती तुटावयास याहून अधिक मुले सुरक्षित हवीत. म्हणून शंभरांत सुमारे ९५ हे प्रमाण आवश्यक मानतात.

आता दुसरा हिशेब. नवव्या महिन्यातील पहिल्या मात्रेने शंभरांपैकी सुमारे ८५ मुलांतच प्रतिकारशक्ती निर्माण होते. म्हणजे एकही मूल न सुटता पहिली मात्रा दिली, तरी ९५ चा आकडा गाठला जात नाही. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा देतात, ती याचसाठी. ‘एकदा टोचले, आता पुन्हा कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर हेच.

नऊ महिन्यांखालील मुलास ही लस सहसा देत नाहीत, आणि आईकडून मिळालेले संरक्षण तर ओसरत असते. अशा मुलाचे कवच म्हणजे भोवतालची सुरक्षित माणसे. देवीच्या रोगाची साखळीही रोग्याच्या संपर्कातील माणसांस लस टोचून तोडण्यात आली. १९८० साली तो जगातून नाहीसा झाल्याचे घोषित झाले.

एक भेद मात्र सांगावा. धनुर्वात माणसापासून माणसास होत नाही. त्याचे जंतू मातीत असतात. तेथे शेजाऱ्याची लस उपयोगी पडत नाही.

शिक्षकांनी नवीन प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड पाहावे, आणि मात्रा राहिली असल्यास पालकांस न रागावता आरोग्यसेविकेकडे पाठवावे.

प्रश्न : १. दुसरी मात्रा का देतात? २. तान्ह्या भावंडाचे रक्षण कोण करते?